वैरणीची जागा

“मग वाईट काय आहे त्यात, ते तरी सांगा!”

शार्दूलने तिसऱ्यांदा विचारलं. या वेळी आवाज चढला होता.

येसूमावशी मांडीवर सूप घेऊन जोंधळ्यातले खडे वेचत राहिली.

उंबऱ्यावर शार्दूलचा स्पीकर होता. त्यातून मावशीचाच आवाज आत्ता वाजून संपला होता. जात्यावरच्या तिच्या ओव्या, आणि त्यांच्यामागे चोवीस व्हायोलिनं, आठ व्हिओला, सहा चेलो. अडतीस माणसं मुंबईच्या मोठ्या स्टुडिओत बसवून वाजवून घेतलेली. प्रत्येकाने काय वाजवायचं ते शार्दूलने स्वतः लिहिलेलं.

तीन वर्षं तो या घरी येत होता, ओव्या शिकायला. पहिल्या दिवशी मावशीने जात्याचा खुंटा त्याच्या हातात दिला आणि सांगितलं, आधी दळ, मग गाणं. अर्ध्या तासात हाताला फोड आले. दुसऱ्या दिवशी गडी रेकॉर्डर घेऊन आला. मावशी दळायची, हा भिंतीला टेकून ऐकायचा. चाली सगळ्या उचलल्या पठ्ठ्याने. खुंट्याला पुन्हा बोट लावलं नाही.

अल्बम सोमवारी बाहेर पडायचा होता. अडलं होतं एका शब्दावर. मावशीने आधीच बजावलं होतं, मी ऐकून ‘हो’ म्हटल्याशिवाय माझा आवाज जगात फिरवायचा नाही. त्याने जात्यावर हात ठेवून ते कबूल केलं होतं.

आता ती ‘हो’ म्हणत नव्हती. ‘नाही’ही म्हणत नव्हती. खडे वेचत होती.

“लोक रडले, मावशी. ‘माय गेली पाण्याला गं, घागर आली काठावरी’... तिथे चेलो वर येतात ना, तिथे आमचा रेकॉर्डिंगवाला डोळे पुसत होता.”

“त्याची माय गेली का काय?”

“नाही...”

“मग डोळं कशाला पुसतोय?”

शार्दूलचं टाळकं फिरलं. एवढी रात्रंदिवस मेहनत, आणि ही बाई थट्टा करतेय.

“स्पष्ट सांगा ना, तुम्हाला जुनंच कवटाळून बसायचंय! ही वाद्यं नकोत, परकी आहेत म्हणून.”

“वाद्यांना मी काय म्हणले? ग्वाड वाजीवत्यात. जीव लावून वाजीवत्यात. त्या माणसांवर न्हाई माझा राग.”

“मग माझ्यावर आहे?”

मावशीने सूप खाली ठेवलं. सकाळपासून पहिल्यांदा त्याच्याकडे नीट बघितलं.

“मी दोन ओळी म्हणून थांबत हुते. ते थांबणं कुठं गेलं?”

शार्दूल हसला. एवढंच होतं तर!

“ते होय! ते आम्ही नीट केलं. तुम्ही सारख्या अडत होता. स्टुडिओत खुर्चीवर बसून गायची सवय नाही, पुढचं आठवत नसेल. काही जागा कापून टाकल्या. उरल्या तिथे व्हायोलिनं भरली. तुम्ही विसरला होतात, हे आता कुणाला कळणारसुद्धा नाही.”

“मी इसरले.”

“होतं मावशी. वयानं होतं.”

मावशी उठली. कोपऱ्यातल्या जात्यावरचं फडकं ओढून तिने बाजूला फेकलं.

“बस हितं.”

“आत्ता?”

“आत्ता. आन् तुझं गाणं लाव. आज तुझ्या गाण्यावर दळायचं.”

तो बसला. तिने जोंधळ्याची पाटी त्याच्या डाव्या अंगाला सरकवली आणि पहिली मूठ स्वतः जात्याच्या तोंडात टाकली. या मुठीलाच वैरण म्हणतात.

“उजवा हात खुंट्याला. डाव्या हातानं वैरण घालायची. पण गाणं वाजतंय तवर घालायची न्हाई. माझा आवाज गप, तुझी वाद्यं गप, की मगच घालायची. मधी घातलीस तर हात मोडीन.”

मोडलाही असता.

दाखवतोच हिला, असं मनाशी म्हणत शार्दूलने दात आवळले आणि खुंटा ओढला. जातं फिरलं. कडेने पीठ पडायला लागलं, पांढरं, मऊ. स्पीकरमधून मावशी गायला लागली.

दोन ओळी झाल्या. शार्दूलने डाव्या हाताने मूठ भरली, उचलली...

व्हायोलिनं आली.

मूठ हवेत राहिली. व्हायोलिनं संपायच्या आत पुढची ओळ आली. ओळ संपली तर चेलो आले. फार सुंदर लिहिलं होतं त्याने. एकाचा सूर सुटायच्या आत दुसऱ्याने धरलेला. सुई शिरेल एवढी फट कुठे नव्हती.

पीठ पडायचं थांबलं.

जात्याचा आवाज बदलला. आधी घरघर होती, आता खरखर झाली. जळका वास सुटला.

“मावशी, जातं रिकामं फिरतंय.”

“फिरू दे.”

“अहो, दगडाला दगड घासतोय! खराब होईल!”

“माझ्या आईचं हाय. माझ्या आज्जीनं तिला दिलं. हू दे खराब. तू फिरव.”

“मला नाही बघवत...”

“फिरव म्हणते ना!”

तो फिरवत राहिला. खांदा भरून आला. डावा हात अजून हवेतच होता, बोटांच्या फटींतून एकेक दाणा गळत होता. त्याची नजर त्या हातावर गेली आणि तिथेच अडकली.

हा हात त्याने बघितला होता.

स्टुडिओत, काचेपलीकडे. मावशी खुर्चीवर, पुढ्यात माइक. जातं नाही, पाटी नाही. दोन ओळी झाल्या की तिचा डावा हात मांडीवरून उठायचा, बाजूला जायचा, हवेत मूठ वळायचा. मग पुढची ओळ. काचेअलीकडे सगळ्यांनी एकमेकांना कोपरं मारली होती. म्हातारी हातवारे करतेय म्हणून हसले होते. सगळ्यात मोठ्याने तोच हसला होता.

“मावशी...”

“फिरव.”

गाणं एकदाचं संपलं. जातं थांबलं. घरात आता कशाचाच आवाज नव्हता.

त्याने घाईघाईने मूठ जात्याच्या तोंडाकडे नेली. मावशीने मनगट धरलं.

“आता कुणासाठी?”

तिने सुरुवातीच्या पांढऱ्या पिठाला धक्का लावला नाही. त्याच्यावर बसलेली राखाडी भुकटी तेवढी पदराने गोळा केली, त्याचा उजवा हात उलटा केला आणि पुन्हा फोड आलेल्या तळव्यावर ती ओतली.

“पिठावानी दिसतंय का न्हाई?”

त्याने बोटाने चोळून बघितलं. कचकच लागली. मान वर होईना.

“सोमवारचं रद्द करतो,” तो पुटपुटला. “मला परत दळायला बसवा, मावशी. पहिल्यापासून.”

“बसवीन की. आधी हे खा. अडतीस जणांनी मिळून दळलंय.”