पहिला थेंब

वस्तू बोलायच्या त्या काळातली गोष्ट. सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी धर्मा तांडेलाने होडीचं जुनं मशीन पाण्यातून वर उचललं, तर खालच्या पंख्यावरून तेल टपकत होतं.

"पंखाच गळका!" मशीनचं वरचं झाकण ओरडलं. "द्या भंगारात!"

पंखा रडवेला झाला. "अहो, मी नुसता फिरतो. माझ्यात तेल असतंच कुठे?" पण तेलाने माखलेल्याचं कोण ऐकणार? धर्माने त्याला काढायला पाना घेतला.

तेवढ्यात जुन्या लुगड्याचं फडकं म्हणालं, "थांब रे धर्मा. आधी मला सगळ्यांच्या अंगावरून फिरव."

झाकण हसलं. "पुसून काय होणार मावशी? परत गळेलच की!"

"गळू दे ना. पहिला थेंब कुठून येतो, तेवढंच बघायचंय."

मावशीने सगळं मशीन लख्ख पुसलं आणि स्वतः काळीकुट्ट झाली. धर्माने मशीन पाण्यात सोडून चालू केलं आणि सगळे बघत बसले. पहिला थेंब झाकणाच्याच कडेला चमकला आणि ओघळत खाली निघाला. झाकणाखालचं रबर फाटलं होतं.

झाकण हळूच म्हणालं, "मला ठाऊक होतं, मावशी. मला फेकतील अशी भीती वाटली."

"वेड्या, रबर बदलतात, तुला कशाला फेकतील?"

धर्माने नवं रबर बसवलं. मग मावशीला स्वतःच्या हाताने धुऊन उन्हात वाळत घातलं.

तेव्हापासून भेटेल त्या होडीला पंखा सांगतो, "कुणाला गळका म्हणायच्या आधी एकदा पुसून बघा. आणि हे पुढच्या होडीलाही सांगा."