शिवणीचा चेंडू

या मंडळी, अशी जवळ येऊन बसा. मागच्यांनीही पुढे सरका. नीलकंठनाथ महाराजांची एक गोड कथा तुमच्या कानी घालतो.

महाराज तेव्हा कोकणात, खैरवलीच्या राममंदिरात मुक्कामाला होते. त्या गावात धाकू कातारी राही. बायको भागू दोरी ओढी, चरकावर लाकूड गरगर फिरे आणि धाकू पटाशी लावून खेळणी घडवी. रामजन्माच्या पाळण्यावर आपल्या हातचा नक्षीदार चेंडू झुलावा, ही दोघांची फार दिवसांची आस.

नवमीच्या आदल्या दिवशी शिवणीच्या लाकडाचा चेंडू सुरेख गोल उतरला. आणि शेवटचा हात फिरवताना पटाशी खचकन आत गेली. लाकूड आतून पोकळ!

“लाख भर रे, रंगाखाली कुणाला दिसतंय?” शेजारी म्हणाले.

“ज्याच्या डोक्यावर टांगायचा, त्याला दिसेल की!” धाकू म्हणाला.

उत्सवाचे मानकरी तात्या खोत तिथेच उभे होते. ते हसले. “खंडित वस्तू देवाला? पायरीवरून परत पाठवीन हो! चुलीत घाल, पेज तरी शिजेल.”

भागूने डोळ्यांना पदर लावला. तोच महाराज अंगणात आले. चेंडू निरखून म्हणाले, “तात्या, बासरीला भोकं असतात. तिला खंडित म्हणता का?” मग भागूला म्हणाले, “माय, दमलीस. दोरी इकडे दे.”

अहाहा! महाराज दोरी ओढताहेत, मुखाने रामनाम गाताहेत, आणि धाकूच्या पटाशीखाली त्या भोकाभोवती वळ्यांमागून वळ्या उमटताहेत! मग धाकूने चेंडू मांडीवर घेतला आणि वळ्यांत कमळाच्या पाकळ्या कोरल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी, चैत्राच्या उन्हात पान हलत नव्हतं. महाराजांच्या शब्दाखातर चेंडू टांगला गेला. तात्यांनी कुरकुरतच पाळण्याला पहिला झोका दिला मात्र, चेंडू आपोआप फिरू लागला! पोकळीतून सूर उमटला. तोच, महाराजांनी चरकापाशी गायिलेला! तात्यांच्या हातून दोरी सुटली, पाळणा थांबला. चेंडू मात्र फिरतच राहिला, गातच राहिला.

तात्यांनी पागोटं महाराजांच्या पायांवर ठेवलं. महाराज म्हणाले, “अहो, मी घटकाभर दोरी ओढली. जन्मभर ओढणारी त्या खांबाआड उभी आहे.”

तात्या अख्ख्या गावादेखत भागूपुढे वाकले. “माय, चुकलो. ही दोरी तुझ्या हातची,” म्हणत त्यांनी पाळण्याची दोरी तिच्या हाती दिली.

तेव्हा बाबांनो, रामजन्माला पाळण्याच्या दोरीला हात लावाल, तेव्हा भागूची आठवण ठेवा.