सोबत जाण्याची रीत

“या मठात चोरालाही मानाने भाकरी वाढतात!”

पंगत थांबली.

बोलणारा यशोधन. वकिलीची परीक्षा देऊन वर्षभरापूर्वी मठात आलेला. बोट त्याने कोणाकडेच दाखवलं नव्हतं, तरी सगळ्यांनी केरबाकडे पाहिलं. मठाचा तांब्याचा हंडा केरबाने भंगारात विकला होता. काल स्वतःच तसं कबूल केलं होतं.

मठाचे प्रमुख चिंतामणबाबा यांनी ताट बाजूला सारलं.

“काय करावं म्हणतोस?”

“वर्षभर मठाबाहेर काढा त्याला.”

“कशासाठी?”

“इतरांना जरब बसेल.”

“हंडा एकच होता,” पंगतीतून कोणीतरी पुटपुटलं. “आता जरब नसली तरी चोरणार काय?”

हशा पिकला. यशोधनचे कान लाल झाले.

“तो सुधारेल, बाबा! केलेलं भोगल्याशिवाय माणूस सुधारत नाही.”

“बरं... केरबा, गाठोडं बांध.”

केरबा मान खाली घालून उठला.

“यशोधन, तूही बांध.”

“मी? मी काय केलं?”

“शिक्षा सांगितलीस. या मठात शिक्षा सांगणाऱ्याने सोबत जायचं, अशी रीत आहे. तो सुधारतोय की नाही, हे बघायला कोणी नको?”

यशोधन म्हणाला, “तसं... महिनाभरही पुरे होईल.”

“तो एकटा जाणार होता तेव्हा वर्ष होतं.”

“आणि मी नाही गेलो तर?”

“तर तोही जाणार नाही. बसा दोघं जेवायला.”

“म्हणजे शिक्षाच नाही!”

“नाही कुठे म्हणतोय? निघा की.”

केरबा गाठोडं घेऊन उंबऱ्याशी आला होता. त्याला आत येता येईना, बाहेर जाता येईना. तो नुसता यशोधनकडे बघत राहिला.

“बोलायला सोपं आहे, बाबा!” यशोधनचा आवाज चढला. “वर्षभर चोराच्या सोबत! असं आजवर कोणी गेलंय तरी का?”

बाबांनी ताट पुढे ओढलं आणि ते जेवू लागले.

चुलीपाशी आचारी माणकोजी भाकरी उलटत होता. वर न बघताच तो म्हणाला,

“माझ्या शिक्षेच्या वेळी बाबा सोबत आले होते. पहिले चार महिने आम्ही एकमेकांशी बोललो नाही.”