नऊशे यात्रेकरूंचा मुक्काम

पूर्वी हिमवंताच्या पायथ्याशी सोमावती नावाच्या नगरीत धृतवर्मा राजा राज्य करीत होता. त्या काळी बोधिसत्त्व एका कुंभाराच्या कुळात जन्माला आला होता. त्याचे नाव उत्पल. नगरीपासून दोन दिवसांच्या वाटेवर वेत्रग्राम म्हणून सत्तर घरांचे गाव होते. तेथे तो आपली पत्नी सामा हिच्यासह राहत असे आणि मडकी घडवून पोट भरीत असे.

त्या देशात श्वेतगिरी नावाचा डोंगर होता. गुरूवाचून स्वतःच बोध पावलेल्या एका प्रत्येकबुद्धाच्या अस्थी तेथील चैत्यात ठेवल्या होत्या. दर सहा वर्षांनी फाल्गुनी पौर्णिमेला तेथे यात्रा भरे, आणि लांबलांबचे लोक बारा दिवस पायी चालून दर्शनाला जात. वेत्रग्राम हा वाटेवरचा नववा मुक्काम. पुढे दाट अरण्य होते आणि त्यात वाघ होते. त्यामुळे ऊन कलल्यावर कोणी पुढे पाऊल टाकीत नसे. गावाबाहेर दोनशे माणसे मावतील अशी एक धर्मशाळा होती. एरवी लोक टोळ्याटोळ्यांनी येत, एक रात्र राहत आणि पुढे जात. कोणाची अडचण होत नसे.

त्या वर्षी मात्र अलीकडच्या नदीवरचा बांबूचा पूल वाहून गेला. लोक तीन दिवस पैलतीरावर खोळंबले. चौथ्या दिवशी तराफे बांधून झाले आणि तीन दिवसांची माणसे एकाच दुपारी वेत्रग्रामला येऊन पोचली. ती नऊशे होती.

धर्मशाळा भरलेली नव्हती, पण मोकळीही नव्हती. सोमावतीचा धनाढ्य व्यापारी श्रेष्ठी भद्रवाह याने आपला कारभारी रुद्रक आणि वीस नोकर पूल वाहून जाण्याआधीच पुढे पाठवले होते. त्यांनी आत गालिचे अंथरले होते आणि ते दारात काठ्या घेऊन उभे होते. कोणी जवळ आले की रुद्रक म्हणे, "ही जागा आमच्या धन्यांसाठी आहे. धनी संध्याकाळपर्यंत येतील."

मग लोक गावाकडे वळले. पहिल्याच घरी एका बाईने दयेने दार उघडले, तेव्हा मागून एवढी माणसे लोटली की तिचे कुंपण मोडले आणि अंगणातली चूल पायाखाली गेली. ते पाहून साऱ्या गावाने दारे लावून घेतली. गावप्रमुख नागदत्ताने वेशीला आडवे लाकूड घातले.

उत्पल मडकी भाजायच्या आव्यासाठी लाकडे आणायला रानात गेला होता. मोळी घेऊन तो परतला तेव्हा वेशीपुढचे माळरान माणसांनी भरले होते. कोणी म्हाताऱ्याचे पाय चेपत होते. एक बाळंतीण तान्ह्या बाळाला पोटाशी धरून वाऱ्याकडे पाठ करून बसली होती. वायव्येला आभाळ तांब्यासारखे झाले होते आणि वारा एकाएकी गार झाला होता. उत्पलने ते आभाळ ओळखले. तीन वर्षांपूर्वी असेच आभाळ आले होते, आणि बेलफळाएवढ्या गारांनी गावची अकरा वासरे मेली होती.

तो मागच्या वाटेने घरी गेला. त्याच्या घराला लागून मोठी कुंभारशाळा होती. तिच्यात राजवाड्याच्या उत्सवासाठी घडवलेली पाचशे कच्ची मडकी ओळीने मांडलेली होती. ती दुसऱ्या दिवशी आव्यात घालायची होती. ती वेळेवर पोचली तर उत्पलला राजकुंभाराचा मान मिळणार होता आणि नदीकाठची जमीनही.

तो सामाला म्हणाला, "शाळा रिकामी करू या. पन्नास माणसे निजतील."

"अहो, ती मडकी राजाची आहेत."

"मडकी राजाची आहेत. छप्पर आपले आहे."

"गारा पडल्या तर एक शिल्लक राहणार नाही."

"नाही राहणार."

सामाने त्या ओळींकडे पाहिले. चार महिने तिनेच ती माती चाळली होती. मग तिने पदर खोचला, पहिले मडके स्वतः उचलले आणि अंगणात नेऊन ठेवले.

पण पन्नासांची सोय झाली तरी साडेआठशे उरत होते. उत्पल नागदत्ताकडे गेला. नागदत्त वाईट माणूस नव्हता. तो वेशीच्या आत खांबाला टेकून उभा होता आणि त्याचा चेहरा उतरला होता.

"उत्पला, मला काही सांगू नकोस," तो म्हणाला. "एकाला दार उघडले की शंभर घुसतात. दुपारी काय झाले ते ऐकलेस ना?"

"म्हणजे आपल्याला माणसांचे भय नाही, लोंढ्याचे आहे," उत्पल म्हणाला. "लोंढाच राहिला नाही तर दारे उघडाल?"

"कसा राहणार नाही?"

"मला थोडा वेळ द्या. मी हाक मारली की वेशीवरून नुसते पाहा. पटले तर लाकूड काढा."

उत्पल माळावर आला तेव्हा तीस-चाळीस तरुणांनी हातात धोंडे घेतले होते. निम्मे वेशीकडे आणि निम्मे धर्मशाळेकडे निघाले होते. तो त्यांच्या वाटेत उभा राहिला.

"मी याच गावचा कुंभार," तो म्हणाला. "तुम्ही एक दार फोडाल. दहाजण आत शिराल. बाकीच्या एकोणसत्तर दारांना आतून दुसरा अडसर लागेल. मग ही बाळंतीण कुठे जाईल?"

तरुणांतला एक म्हणाला, "मग आम्ही करायचे तरी काय?"

"बसा."

तो शब्द त्याने इतक्या शांतपणे उच्चारला की तो तरुण खरेच खाली बसला, आणि त्याच्याकडे पाहून इतरही बसले. मग उत्पल एका दगडाच्या ढिगावर चढला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात बोलला.

"दहादहाच्या ओळी करा. म्हातारे, आजारी आणि लेकुरवाळ्या पुढे बसू द्या. घरधनी येऊन हात धरीपर्यंत कोणी उठायचे नाही. माझ्या शाळेत पन्नासांची जागा रिकामी झाली आहे. ती मी आता कोणाला देणार नाही. ज्यांना कोणीच नेले नाही, ती शेवटची पन्नास माणसे माझी. म्हणून मागे बसायला भिऊ नका."

मागे बसणाऱ्याला जागा नक्की आहे हे कळल्यावर पुढे घुसण्याचे कारणच संपले. लोक एकमेकांना सावरून बसू लागले. थोड्याच वेळात शेत पेरावे तशी ती माणसे ओळीने बसली होती, आणि माळावर फक्त वाऱ्याचा आवाज होता.

उत्पलने हाक मारली. नागदत्ताने वेशीवरून पाहिले. मग त्याने लाकूड काढले, सरळ पहिल्या ओळीशी आला आणि त्या बाळंतिणीला म्हणाला, "ऊठ बाई. आमच्याकडे चूल पेटलेली आहे." तिच्याबरोबर त्याने आणखी पाचजणांना नेले.

मग दारे किलकिली झाली. ज्या बाईचे कुंपण मोडले होते तीही आली आणि दोन म्हाताऱ्यांना घेऊन गेली. कोणी चौघांना नेले, कोणी आठजणांना. तरीही पहिली फेरी संपली तेव्हा माळावर पाचशे माणसे बसलेलीच होती, आणि तांबडा ढग अर्ध्या आभाळावर आला होता.

त्या पाचशेंत श्रेष्ठी भद्रवाह होता. त्याची गाडी नदीच्या चिखलात रुतली होती आणि उरलेली वाट त्याला पायी चालावी लागली होती. पायांना फोड आले, तेव्हा चापा नावाच्या एका म्हाताऱ्या बुरुडणीने त्याला आपली काठी दिली, स्वतःच्या मडक्यातले पाणी पाजले आणि शेवटचा कोसभर आपल्या खांद्याचा आधार दिला. तो कोण हे तिने विचारले नव्हते. माळावर पोचताच सगळे बसलेले पाहून ती बसली, आणि पायांत त्राण नव्हते म्हणून तोही तिच्या शेजारी बसला.

उत्पल त्या ओळीपाशी आला तेव्हा तो उठू लागला. "मी श्रेष्ठी भद्रवाह. धर्मशाळेत माझी जागा आहे."

"चांगले झाले," उत्पल म्हणाला. "म्हणजे तुम्ही पाहुणे नाही, यजमान आहात. किती माणसे नेता?"

"ती जागा माझ्यासाठी धरलेली आहे."

"हो. इथल्या सगळ्यांनी ते दुपारीच ऐकले. किती माणसे नेता, एवढेच विचारतो."

त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. भद्रवाह काठी टेकून उभा राहिला. तेव्हा चापा खालून म्हणाली, "जा बाबा. तुझी सोय झाली, बरे झाले. पायाला हळद लावून घे."

तिने स्वतःसाठी काही मागितले नाही. भद्रवाहाने तिच्याकडे पाहिले. मग ओळींवरून त्याची नजर फिरली. दुपारपासून आपल्या नावाने ही माणसे कोठून हाकलली गेली हे त्याला त्या माळावर उभे राहून प्रथमच दिसले. लाजेने त्याची मान खाली गेली.

"धर्मशाळेत दोनशे मावतात ना?" त्याने विचारले. "मी अडीचशे नेतो. ही आजी पहिली."

चापाचा हात धरून तो लंगडत धर्मशाळेकडे निघाला, आणि त्याच्या मागे पंचवीस ओळी उठल्या. रुद्रकाने चिखलाने माखलेला एक माणूस आणि त्याच्यामागे जमाव पाहिला. त्याने काठी उगारली. "मागे हो. ही जागा आमच्या धन्यांची आहे."

"रुद्रका, मीच आहे," भद्रवाह म्हणाला. "काठी ठेव आणि गालिचे गुंडाळ. माणसे जास्त मावतील."

रुद्रकाने आपल्या धन्याचा आवाज ओळखला आणि तो घाईघाईने बाजूला झाला.

गाव हे सगळे पाहत होते. एका श्रेष्ठीने अडीचशे माणसे नेली हे पाहून दोघांना नेणारे परत आले. "माझ्याकडे आणखी तीन मावतील," एकजण म्हणाला. दुसऱ्याला आपला गोठा आठवला. तेल्याने घाण्याची जागा झाडून दिली. नागदत्ताने धान्याचे कोठार उघडले आणि पोती भिंतीला लावून साठ माणसांना वाट करून दिली. गारठलेला माळ भराभर रिकामा होऊ लागला. शेवटी उत्पलसमोर फक्त शेवटच्या ओळी उरल्या, आणि त्यांत त्रेपन्न माणसे होती.

"पन्नास म्हणालो होतो," तो हसून म्हणाला. "पण माझी बायको सडपातळ आहे. चला."

तो एका आंधळ्या वृद्धाला घेऊन सर्वांच्या मागे शाळेच्या उंबऱ्यात पाय ठेवीत होता, तेव्हा पहिली गार त्याच्या पाठीवर बसली.

मग आभाळ फुटले. सूर्य मावळायच्या आत वेत्रग्रामवर अशा गारा पडल्या की वेशीवरची कमान कोसळली आणि माळावरचे गवत जमिनीत रुतून गेले. शाळेत सगळे एकमेकांना चिकटून बसले होते. अंगणातून फुटण्याचा आवाज एकसारखा येत होता. आंधळ्या वृद्धाने विचारले, "बाहेर काय फुटते आहे, मुली?"

सामा म्हणाली, "मडकी आहेत, बाबा. माणसे नाहीत."

गारा थांबल्या तेव्हा पश्चिमेला थोडा उजेड होता. नागदत्ताने आपल्या दारात उभे राहून शंख फुंकला आणि ओरडून सांगितले की आमच्याकडची सगळी सुखरूप आहेत. शेजारच्या घरातून तशीच हाक आली. मग पलीकडून, मग गोठ्यांतून, कोठारातून, घाण्यापासून, धर्मशाळेतून. सत्तर घरांची हाक गावभर फिरली. नऊशेंपैकी एकाच्याही अंगावर ओरखडा नव्हता. तेव्हा अनोळखी माणसांनी एकमेकांना मिठ्या मारल्या, आणि जे दुपारी धोंडे घेऊन उभे होते ते लहान मुलांसारखे रडले.

सकाळी यात्रेकरूंनी अंगणातला चिखल पाहिला. राजाच्या पाचशे मडक्यांचा तो चिखल होता. कोणी काही सुचवायच्या आधीच ते तरुण माती तुडवायला उतरले. त्यांच्यामागून बायका आल्या, श्रेष्ठी भद्रवाह हळद लावलेल्या पायांनी आला. यात्रेकरूंत सात कुंभार निघाले. ते म्हणाले, "पौर्णिमेला अजून अवकाश आहे. आम्ही मागे राहतो." उत्पलच्या चाकावर ते आळीपाळीने बसले, आणि मडकी वाळून आव्यात गेल्यावरच त्यांनी श्वेतगिरीची वाट धरली.

मडकी राजवाड्यात सहा दिवस उशिरा पोचली. राजाने कारण विचारले. उत्पल बोलण्याआधी नागदत्त पुढे झाला आणि त्याने घडले ते सगळे सांगितले, आपण वेशीला लाकूड घातले होते हेही लपवले नाही. राजाने उत्पलला मान दिला आणि जमीनही दिली. मग त्याने विचारले, "आणखी काय हवे?"

उत्पल म्हणाला, "महाराज, वाटेवर बारा मुक्काम आहेत. प्रत्येक ठिकाणी घरधन्याने येऊन हात धरावा आणि सर्वांत मागच्या माणसाची जागा सर्वांत आधी ठरवावी, एवढे होऊ द्या."

राजाने तशी दवंडी पिटवली. पुढच्या यात्रेला दोन हजार माणसे आली. बाराही मुक्कामांवर एकही माणूस उघड्यावर निजला नाही. वेत्रग्रामच्या वेशीवर तर गावकरी दुपारपासूनच वाट पाहत उभे होते, आणि कोणाच्या घरी जास्त पाहुणे जाणार यावरून त्यांच्यात भांडण लागले.

पुढे बोधिसत्त्व बुद्ध झाल्यावर एकदा वर्षावासासाठी, म्हणजे पावसाळ्याच्या मुक्कामासाठी, बाहेरगावचे पुष्कळ भिक्षू त्यांच्या जेतवन विहारात आले, तेव्हा मंजुल नावाच्या भिक्षूने आपली कुटी एका आजारी पाहुण्याला देऊन स्वतः झाडाखाली आसन घातले. धर्मसभेत त्याची स्तुती चालली असता शास्त्यांनी, म्हणजे बुद्धांनी, ही कथा सांगितली आणि ते म्हणाले, "भिक्षूंनो, मंजुलाने आपली जागा आजच दिली असे नाही. तेव्हाचा श्रेष्ठी भद्रवाह म्हणजे हा मंजुल. त्याच्या कुटीत निजलेला आजारी भिक्षू म्हणजे ती बुरुडीण चापा. नागदत्त म्हणजे आजचा भिक्षू आनंद. सामा म्हणजे राहुलमाता, माझी गृहस्थाश्रमातली पत्नी. आणि शेवटची माणसे आपली म्हणणारा कुंभार उत्पल मीच होतो."

ज्याला कोणी नेत नाही त्याच्यासाठी आपले छप्पर राखून ठेवणे, ही त्या जन्मी बोधिसत्त्वाने पूर्ण केलेली दानपारमिता, म्हणजे दानाची परिसीमा, होय.