लखलखीत वाटी

एकदा एका नदीकाठच्या आश्रमात भुरी नावाची मांजरी अन्नावर रुसून बसली. खाण्याच्या बाबतीत ती पहिल्यापासूनच चोखंदळ. पण आता तिच्या पोटाशी चार दिवसांची तीन पिल्ले होती आणि दूध आटत चालले होते. तिची काळजी ज्या शिष्यावर सोपवली होती, त्याच्या तोंडचे पाणी पळाले.

शिष्य मोठा निष्ठावान. आणि निष्ठावान माणसाला एकदा काळजी लागली, की तो समोरच्याला दम म्हणून घेऊ देत नाही! पिल्ले झाल्यापासून तो तिला देवघरातल्या पितळी वाटीत जेवण देत होता. त्या दिवशीही त्याने ती पूजेच्या भांड्यांसारखी चिंच लावून लखलखीत घासली आणि तीत दूधभात कालवला. भुरी आली, हुंगून मागे फिरली. वाटी नीट निघाली नसेल, असे समजून त्याने पुन्हा घासली. चिंच दुप्पट! या वेळी भुरी शिंकली. संध्याकाळपर्यंत वाटी सात वेळा घासून झाली. तोवर एक पिल्लू रडायचेही थांबले, तसा शिष्य धावतच गुरुजींकडे गेला.

"गुरुजी, लवकर चला! माझी सेवा कुठंतरी कमी पडतेय. पिल्लं जातील हो!"

गुरुजी आले. त्यांनी वाटी नाकाशी नेली आणि सरळ अंगणात भिरकावली.

"अहो, देवाची वाटी!" शिष्य किंचाळला.

गुरुजींनी मात्र एक फुटके कौल साध्या पाण्याने धुतले, त्यावर कोमट दूधभात ठेवला आणि शिष्याला दंडाला धरून दाराआड ओढले.

भुरी आली. तिने हुंगले. आणि अन्नावर तुटूनच पडली!

"खातेय! गुरुजी, खातेय!" शिष्य जागच्या जागी उड्या मारू लागला.

"अरे हळू! घाबरवशील तिला," गुरुजी हसले. "बाळ, मांजराला आंबट वास सोसत नाही. तू वाटी देवाला साजेल अशी घासलीस, पण जेवायचं होतं हिला. तिनं नाही म्हटलं, तशी तू चिंच वाढवलीस. आपलं प्रेम कुणी नाकारलं, की आपण तेच प्रेम दुपटीनं वाढतो. त्याला खुपतंय काय, ते विचारायचं राहून जातं."

"म्हणजे माझ्या सेवेनंच ती उपाशी राहिली?"

"हो," गुरुजी म्हणाले.

भुरी तृप्त होऊन आडवी झाली. दोन पिल्ले तिला बिलगली. तिसरे दूर पडून क्षीण आवाजात रडू लागले. त्याला आईपाशी ठेवायला शिष्य आनंदाने वाकला, थबकला, त्याने स्वतःची बोटे हुंगली, आणि तो आधी हात धुवायला गेला.