निखाऱ्याच्या सुळक्याची भिवरा

समोर तो बोडका सुळका दिसतोय ना, तो निखाऱ्याचा सुळका. त्याच्या पायथ्याचा काळा खडक भर पावसातही कोमट लागतो म्हणे. पाव्हणं, त्यावर टेकू नका. आमच्याकडं कुणी टेकत नाही. का ते ऐका.

फार जुनी गोष्ट. त्या साली पाऊस लागला तो उघडेचना. वाडीतल्या चुली एकेक करून विझल्या. सरपण ओलं, गारगोट्या ओल्या. शेजारी विस्तव मागायला जावं तर त्याचीही चूल गार. माणसं भिजवलेली नाचणी चावत काकडत होती. तानाई नावाच्या विधवेला तर हिवानं घेरलं. तिची एकुलती एक पोर भिवरा, लग्नाच्या वयाची. आईचे गार पडत चाललेले पाय चोळून चोळून ती थकली, आणि शेवटी मडकं घेऊन एकटीच सुळक्याकडे निघाली.

वर एका जोगिणीची धुनी होती, असं जुनी माणसं सांगत. कितीही पाऊस कोसळो, ती विझत नसे. पण जोगिणीनं निखारा देण्याआधीच बजावलं, "हा लाकडावर जगत नाही, पोरी. नेणाऱ्याचं आयुष्य खातो."

भिवराच्या आधी वाडीतले दांडगे गडी वर जाऊन आले होते. डोक्यात पांढरं दिसताच त्यांनी मडकी दरीत भिरकावली. त्यांना नावं ठेवू नयेत. जीव कुणाला नकोसा असतो?

भिवरा उतरू लागली. पहिल्याच वळणावर वेणी पिकली. करवंदीच्या जाळीपाशी दात पडले. मला भ्या वाटतंय, असं जिला सांगावं अशी एक बाई वाटेत नव्हती, चिटपाखरूही नव्हतं. मडकं टाकलं असतं तर उरलेलं वय वाचलं असतं. तेही तिच्या मनात येऊन गेलं. ती रडली, आणि रडत रडतच चालत राहिली.

दिवेलागणीला एक वाकलेली म्हातारी तानाईच्या घरात शिरली. तिनं चुलीत निखारा ठेवला, फुंकणी काढली आणि फुंकत राहिली. जाळ धरला. तानाईच्या अंगात हळूहळू ऊब आली. डोळे किलकिले करत तिनं विचारलं, "आजे, माझी पोर वर गेलीया. वाटंत दिसली का?"

भिवराजवळ थोडेच श्वास उरले होते. आईच्या डोळ्यांदेखत मरायचं नव्हतं तिला.

"येतीया मागनं," ती म्हणाली, आणि बाहेर पडली.

तानाई जाळाकडे बघत वाट पाहत बसली. मग एकाएकी तिच्या ध्यानात आलं. फुंकणी फळीमागच्या कोनाड्यात असायची. परक्या बाईला अंधारात ती सापडली कशी? ती उठत-पडत धावली. या खडकावर म्हातारी निजल्यासारखी पडली होती. अंग अजून ऊन होतं, श्वास नव्हता.

तानाईच्या चुलीतला विस्तव घरोघरी गेला, वाडी वाचली, तानाईही पुष्कळ जगली. पण पोर दारात आली आणि आपण तिला आजी म्हणालो, हे काही तिच्या मनातून गेलं नाही.

आजही वाडीत कुणा परक्या गावची थकलेली म्हातारी आली, तर शेंबडं पोरसुद्धा तिला आजी म्हणत नाही. चुलीपुढची जागा मोकळी करून देतात आणि म्हणतात, "आलीस का गं पोरी? ये, बस."