मगरीचे शिंपल्यांचे दात

तुमच्या बाबाला दात येत होते, तेव्हा तो तापानं फणफणला होता. मी खाडीकडे तोंड करून नवस बोलले, की याला उतार पडू दे, दर पौषातल्या अवसेला बांधावर मातीची मगर करीन आणि तिची कहाणी सांगेन. आज अवस आहे. या, जवळ सरका.

खाडीकाठच्या एका गावात सुभागी नावाची सून होती. घरात सासू आणि लहानगा गोंदू. गावाची रीत अशी, की अवसेला मातीची मगर करायची, जबड्यात शिंपल्यांचे दात बसवायचे, मग ती वर्षभर बांध राखायची. त्या वर्षी पाळी सुभागीची होती. पण दात बघून गोंदू रडायला लागला. मग सुभागीनं शिंपले पदरात बांधले आणि मगर बोळकीच ठेवली. सासूनं बजावलं, की देवाच्या तोंडातलं असं मागे ठेवू नये. पण पोराचं रडू थांबलं होतं ना.

सकाळी मुंग्या दाण्याभोवती नुसत्याच फिरत होत्या. त्यांच्या तोंडाचे चिमटे ओल्या दोऱ्यासारखे लोंबत होते. मग कोंबडीनं दाण्यावर चोच मारली, तर चोच पानासारखी दुमडली. मग गोठ्यात बैल हंबरला. गवत तोंडात तसंच, चावता येईना. आणि गोंदू उठला, तर तोंडात एकही दात नाही. जबडा इतका सैल, की पेजसुद्धा ओठांतून परत गळायची.

सुभागी बांधावर धावली. मगर जागेवर नव्हती. चिखलात फरफटत गेल्याची खूण, थेट पाण्यापर्यंत.

तिन्हीसांजेला पाणी हललं. मगर वर आली आणि तिनं आ वासला. आत काळोख, आणि गार चिखलाचा वास.

सुभागीनं पदर सोडून हात आत घातला. थोडे शिंपले बसवले, तशी गवतात मुंग्यांची कुरतुर ऐकू आली. मग आणखी बसवले, तशी मागे वाडीत कोंबडीची टकटक. मग आणखी आत, तसा बैलाचा रवंथ सुरू झाला. पण बसवलेला प्रत्येक दात तिच्याच दंडाला टोचत होता, बरं का. शेवटी एकच शिंपला उरला, अगदी घशापाशीचा.

तेव्हा मगरीच्या पोटातून आवाज आला, "हा बसवलास की माझं तोंड मिटणार. अजून हात काढून घे, बाई."

सुभागीनं हात तसाच आत ठेवला. "पोर उपाशी आहे, आई," ती म्हणाली, आणि तिनं शिंपला दाबला.

जबडा मिटला.

कसा मिटला ठाऊक आहे? मगर आपली पिल्लं तोंडात धरून पाण्यात नेते ना, तसा. मग सावकाश उघडला. दंडावर ओरखडा नाही, नुसता चिखल. मगर सरपटत बांधावर गेली आणि परत माती झाली.

सुभागी घरी पोचली, तर सासू गोंदूला मांडीवर घेऊन, पेजेची वाटी बाजूला ठेवून आपलं बोट चोळत बसलेली. "चावला गं मेला," ती म्हणाली, आणि हसता हसता तिच्या डोळ्यांना पाणी आलं. पुढं त्या घरात कुणी उपाशी निजलं नाही.

बाळांनो, तुमची पाळी येईल तेव्हा तुम्हीही हा नेम चालवा. भीती वाटली तरी एकही दात मागे ठेवू नका. आता तोंडं मिटा, डोळे मिटा. मी इथंच बसलेय.